टॉर्क पाहिजे होता हो, टॉर्क!

...नाही पण मला सांगा, माणसानं आपल्या गाडीत कुठला कॅमशाफ्ट बसवायचा, हे ठरायला शेजाऱ्यांची मीटिंग कशाला लागते? तुम्हाला सांगतो, लागली! टोकियोत, निशी-कसाईत, आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, चहा-बिस्किटांसकट! विषय एकच, उल्हास आणि त्याची गाडी. उल्हास म्हणजे मी. बँकेत आहे. गाड्यांतलं मला काय कळतं? काही नाही! पण दोन हजार अकरा सालच्या भूकंपाला ट्रेन बंद पडल्या, ऑफिसातून टाय लावून घरापर्यंत चालत आलो, तेव्हाच म्हटलं, आता गाडी घ्यायचीच.

घेतली काय, तर स्ट्रीट रॉड! म्हणजे आजोबांच्या काळातली बॉडी आणि पोटात आठ सिलिंडरचं दांडगं अमेरिकन इंजिन. ऑफिसातला एक ऑस्ट्रेलियन मायदेशी निघाला होता, जाता जाता त्यानं माझ्या गळ्यात मारली. ‘उल्हास, मेट, शी इज अ बीस्ट!’ बीस्ट कसली हो... सिग्नल सुटला की बंद! अराकावा नदीच्या पुलाचा चढ आला की खोकायची, शिंकायची आणि मरायची, आणि मागची जपानी माणसं हॉर्नसुद्धा वाजवत नाहीत, नुसती सहनशीलपणे बघत राहतात... अहो, हॉर्न परवडला!

का मरायची? तर आत रेसचा कॅमशाफ्ट! म्हणजे इंजिनातला अंड्यासारखे फुगवटे असलेला दांडा, तो फिरतो आणि व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. फुगवटे मोठे, की व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे, की सगळा जोर वरच्या स्पीडला. आणि खालच्या स्पीडला? ठणठणाट! आता मी रेस लावणार कुठे? इंडियन दुकानापासून स्टेशनापर्यंत? मला टॉर्क पाहिजे होता हो, टॉर्क! उभ्याउभ्या ओढायचा जोर!

बरं, मरते तर मरू दे, पण उभी असताना थरथरायची किती! सकाळी पार्किंगमध्ये चालू केली की वरच्या मजल्यांवर कपबशा नाचायला लागायच्या. पहिल्या दिवशी अख्खी बिल्डिंग हेल्मेट घालून खाली! ‘जिशिन! जिशिन!’ भूकंप, भूकंप! मी वाकून वाकून माफी मागतोय आणि वृंदा, म्हणजे आमची ही, खिडकीतून ओरडतेय, ‘अरे उल्हास, बंद कर ती पिठाची गिरणी!’

मग लोकांना सवय झाली. आणि तिथेच घोटाळा झाला! एका रविवारी खराखुरा धक्का बसला, चांगला सणसणीत... आणि कुणी जागचं हललं नाही! आमच्या खालच्या हायाशी-सान, ऐंशीच्या आजीबाई, पुस्तकांच्या कपाटाशेजारी शांतपणे विणत बसलेल्या. ‘उरुहासु-सान बाहेर निघाले वाटतं.’ उरुहासु-सान म्हणजे मीच, जपानी तोंडातले उल्हासराव! कपाट त्यांच्या खुर्चीला घासून आडवं झालं! मी धावत गेलो, तर मलाच म्हणतात, ‘आज गाडी फारच जोरात होती हं.’ हसू नका... वीतभर अलीकडे पडलं असतं तर?

म्हणून ती मीटिंग. चेअरमन उठले, खोल वाकले, म्हणाले, ‘उरुहासु-सानची गाडी अत्यंत सुंदर आहे. कृपया तिने दुसरीकडे कुठेतरी सुंदर असावं.’ म्हटलं, थोडी मुदत द्या, कॅमशाफ्ट बदलतो!

झालं! सगळ्यांना कंठ फुटला. मेहुणा चारुदत्त, ओसाकाला माशांवर पीएचडी करतोय, माशांवर! तो फोनवर, ‘भाऊजी, फुगवटे कमी करू नका, आवाज जाईल, आवाज!’ अरे, आवाजच घालवायचाय बाबा! ऑफिसातला धीरज, ‘सर, मधला घ्या, थोडी पॉवर, थोडा टॉर्क.’ म्हणजे ना धड हे, ना धड ते! मला टॉर्क पाहिजे होता हो, टॉर्क!

गॅरेजवाले मोरिता-सान दातांतून हवा ओढत म्हणाले, ‘स्स्स... हा सगळ्यात छोटा. पण हा आम्ही होडी ओढणाऱ्या ट्रकला बसवतो.’

‘बसवा!’

‘पाच हजार आरपीएमच्या वर दम नाही.’

‘माझ्यात तरी कुठे आहे? बसवा!’

चारुदत्त रुसला. म्हणे, भाऊजींनी वाघाचं मांजर केलं.

गाडी घरी आली, चालू करायची वेळ आली, तर पार्किंगमध्ये अख्खी बिल्डिंग. हेल्मेटसकट! हायाशी-साननी पुढे होऊन बॉनेटवर पाण्यानं भरलेला ग्लास ठेवला. मी किल्ली फिरवली... गुर्रर्र! पाणी जरासं शहारलं, पण थेंब सांडला नाही! टाळ्या! चेअरमन चक्क हसले! पुलाचा चढ? टॉप गिअरमध्ये, तुम्हाला सांगतो, टॉप गिअरमध्ये चढली!

मग हायाशी-सान लाजत म्हणाल्या, ‘मला एक चक्कर मिळेल का?’ वृंदानं माझ्या हातातली किल्ली घेतली. ‘चला आजी!’ आणि गाडीत सीटं दोनच! आता दर रविवारी दोघी समुद्रावर जातात, केस उडवत, खिदळत.

मी? मी येतो ना मागून... सायकलवर. जेवणाचा डबा माझ्याकडे असतो, म्हणून थांबतात तरी.