डार्विनची सुट्टी

— नाही, आई, चहा घ्या, पण हे नाही चालायचं. सासूबाई होतात तेव्हा आई म्हणायचे, अजूनही तेच येतं तोंडात, म्हणून काय सगळं ऐकायचं? तुमचा नंदू स्वतः देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, डार्विनला बसलाय आणि पुण्याहून तुम्हाला बोलावून इथे पॉइंट कुकला माझ्या दारात पाठवतोय! डिव्होर्सच्या वेळी दोघांनी मिळूनच ठरवलं होतं ना — ईशानी माझ्याकडे, एक वीकेंड सोडून एक नंदूकडे? सह्या केल्या, कोर्टाने ऑर्डर दिली. मग डार्विनच्या हॉस्पिटलात नोकरी घेताना कुणाला विचारलं त्याने? मला? लेकीला? तुम्हाला तरी? — नाही ना? आणि आता म्हणे, वीकेंड जमत नाहीत, तर शाळेच्या सगळ्या सुट्ट्यांत ईशानी त्याच्याकडे!

काय म्हणालात? आपसात मिटवा? मिटतं हो आपसात — दोघंही 'हो' म्हणालो तर नवं लिहायचं, कोर्टाकडून मंजूर करून घ्यायचं, संपलं. पण माझं 'हो' नाहीये. मग आधी मिडिएशन — तिसऱ्या माणसासमोर बसून बोलणी. तिथे फिसकटलं की तसं त्यांचं सर्टिफिकेट, मग कोर्ट — आणि तिथेही आधी पटवायचं की परिस्थिती खरंच खूप बदललीय. आता बदललीच आहे म्हणा, डार्विन काय इथल्या वेरिबीच्या पुढचं स्टेशन आहे? विमानाने चार तास लागतात! पण बदलली कुणी? त्यानेच ना!

मी? मिडिएशनला? — नाही गेले. शिफ्ट होती. — बरं, नव्हती शिफ्ट! गाडी काढून फ्रीवेपर्यंत गेलेही होते, तिथून परत फिरले. कारण ती मिडिएशनवाली बाई फोनवर म्हणाली होती, मुलगी अकराची आहे, आम्ही तिच्याशीही बोलू, तिला काय वाटतं ते विचारू. विचारा की! काय सांगेल ते मला माहीत नाही? बॅग भरून ठेवलीय तिने, आई, पलंगाखाली — पोहायचे कपडे, टोपी, सगळं. मी ओरडले, तर म्हणते, "मम, आय जस्ट मिस डॅड." म्हणजे डबा मी करायचा, नेटबॉलला मी न्यायचं, ताप आला की उशाशी मी बसायचं — आणि मिस कुणाला करायचं? डॅडला! तो निघून गेला म्हणून तो आठवतो. मी जातच नाही कुठे, मला कोण कशाला मिस करेल?

— रडत नाहीये मी. हात नका लावू, प्लीज.

सांगा तुमच्या मुलाला, मिडिएशनची तारीख घे म्हणावं. येईन मी. पण सगळ्या सुट्ट्या नाही मिळायच्या — अर्ध्या. आणि न्यायला-सोडायला त्याने स्वतः यायचं, पोरगी म्हणजे पार्सल नाही विमानात चढवून द्यायला. आणि पुढचा निरोप त्याने स्वतःच्या तोंडाने द्यायचा, म्हाताऱ्या आईला पुढे करून नाही!

ती बघा, तुमची उबर आली. नाही, ईशानी येईपर्यंत नका थांबू. आजी दिसली की ती विचारणार, आणि सुट्टीत डॅडकडे जायचंय, हे मला सांगायचंय तिला — मी, एकटीने.

चपला घाला, आई. निघा.