पुढचा नरम, मागचा कडक

नाय, त्याला हात लावू नका. टायर आहे तो, दुसरं काय असणार. शोभेला नाय टांगलेला, खाली जिन्यात ठेवला की उंदीर कुरतडतात म्हणून गॅलरीत टांगलाय. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय निघालाय, इकडे खाटेवर बसा. तर अंबादासराव, तुम्ही काय म्हणत होतात — तुमच्या भाच्यानं, मधुकरनं, माझी शकु पसंत केली. बरं. त्याच्या आईनंही केली. म्हणून तुम्ही मामा या नात्यानं मुलुंडहून बोरिवलीला आमच्या घरी आलात. इथपर्यंत माझी काय तक्रार नाय. पोरीचा बाप म्हटला की दार उघडावं लागतं, पाणी द्यावं लागतं. पण चहा यायच्या आधी तुम्ही ते वाक्य बोललात. परत बोला ना. नाय, ऐकलं मी, मिलमध्ये आयुष्य गेलं तरी कान शाबूत आहेत माझे. 'लग्नानंतर मात्र मुलीनं मोटरसायकल सोडायची.' असंच ना? म्हंजे ज्या पोरीनं तुमच्या पोराला रेसमध्ये भर मैदानात हरवलं तिला सून करायची, आणि सून केली की तिची गाडी बंद. झकास. ही कुठली पद्धत हो तुमच्या मुलुंडची?

ही आतून खुणा करतेय, दिसलं मला. सुगंधा, गो, मी काय भांडत नाय, बोलतोय. तू चहा बघ. — तिचं म्हणणं मी गप्प बसावं. चांगलं स्थळ आहे, पोराच्या बापाचं स्पेअर पार्टचं दुकान आहे, घर स्वतःचं आहे. आहे ना, मी कुठे नाय म्हणतो. दुकान आहे म्हणूनच तर त्याच्या गाडीला पुढं-मागं दोन्ही कोरे, बाहेरून आलेले टायर होते. आम्हाला तसं नव्हतं जमत. आम्हाला एकाच जोडीत सगळं बसवायचं होतं — सोमवार ते शनिवार हायवेनं अंधेरीला कामावर जायचं, आणि रविवारी तीच गाडी त्याच टायरवर कल्याणच्या पलीकडं त्या लढाईच्या वेळच्या, विमानांच्या जुन्या धावपट्टीवर पळवायची. तुम्हाला काय, तुमच्याकडे रेसची गाडी वेगळी, बाजारात जायची वेगळी.

हसताय? हसा. सगळे हसले तसेच. गाडी माझ्या थोरल्याची. तो मस्कतला गेला, गाडी खाली ताडपत्रीखाली पडून. शकुला अंधेरीला इलेक्ट्रॉनिकच्या कंपनीत काम लागलं, आणि एक दिवस हिनं ताडपत्री काढली. शिकवलं कोणी? कोणी नाय. मागच्या मैदानात पडली, उठली, परत पडली. बिल्डिंगमधले सांगायला यायचे, गुणाजी, तुझं चेडू गुडघे फोडून घेतंय, लग्न कसं होणार. मी पण ओरडलो. खोटं कशाला सांगू, पयला मीच ओरडलो. चावी लपवली मी. तर ती पायी स्टेशनला जायला लागली, एक शब्द बोलली नाय माझ्याशी, ताट वाढून ठेवायची आणि उठून जायची. शेवटी चावी आपली खुंटीवर आली. कोणी ठेवली ते मी विचारलं नाय, तिनंही विचारलं नाय.

मग ते रेसचं खूळ. कंपनीतल्या कोणीतरी धावपट्टीवर नेली बघायला, आणि आली ती टायरचंच बोलत आली. ह्या टायरवर वळणात गाडी तिरकी टाकता येत नाय, बाबा. मी म्हटलं, गाडी टाकायची कशाला वळणात, उभी ठेव. — आता तुम्ही माझ्याकडे असं बघू नका, मला काय कळत होतं तेव्हा टायरमधलं. काळा असतो, गोल असतो. मी आपला चौकशी करून आलो. नवा, आपल्याकडचा, कडक रबराचा — वर्षानुवर्षं जाईल म्हणाला दुकानदार. मला पटलं. वस्तू घ्यावी तर टिकणारी. ती म्हणाली, टिकतो म्हंजे झिजत नाय, झिजत नाय म्हंजे रस्त्याला धरत नाय. दुसरीकडे रिमोल्ड मिळत होता, जुन्या टायरवर नवीन नरम रबर चढवलेला, स्वस्त. तो तिनं हातात घेतला, कडेला नख घातलं आणि परत ठेवला. वेगात असताना वरचा थर सुटला तर संपलंच, म्हणाली. मग राहिला गोरेगावचा धाकू. स्टुडिओत फायटिंगच्या सीनमध्ये गाड्या उडवतो तो, आमच्या गावाकडचा. त्यांच्याकडे बाहेरचे टायर यायचे, अर्धे वापरले की दुसरे. नरम म्हंजे इतका नरम, अंगठा दाबला की ठसा उमटतो. धरतो असा की विचारू नका. पण हायवेवर रोज घातला तर चार-पाच महिन्यांत टक्कल. ते कुठनं परवडणार आम्हाला?

तर तिनं ठरवलं — धाकूकडचा एकच घ्यायचा. पुढं तो नरम आणि मागं नवा कडक. मी म्हटलं, पोरी, उलटं बोलतेस. इंजिनाचा जोर मागच्या चाकाला. वजन मागं. चांगला टायर मागं घाल. ती म्हणाली, मागचं चाक सरकलं तर सांभाळता येतं बाबा, पुढचं सरकलं की जमिनीवरच. आणि मागचाच जास्त झिजतो, म्हणून तिथं कडक. आठवडाभर आमची ह्यावरनं जुंपली होती. ही विचारायची, दुसरं काही बोलणं आहे की नाय ह्या घरात. मी सिगारेटच्या पाकिटावर चाकं काढून दाखवायचो, ती त्याच्यावरच खोडून दुसरी काढायची. जेवताना, झोपताना, दात घासताना तेच. आणि खरं सांगू — संप झाला, मिल गेली, पुढं मी अंधेरीला वॉचमन म्हणून लागलो, त्या सगळ्या वर्षांत मला कोणी असं भांडून विचारलं नव्हतं की तुमचं काय म्हणणं आहे. असो. तो विषय वेगळा. जिंकली तीच. पुढचा नरम, मागचा कडक.

चहा घ्या. साखर कमी वाटली तर सांगा. — नाय, उठायची घाई करू नका, आता मुद्द्यावर येतोय. त्या रेसच्या रविवारी तुम्ही होतात तिथं. पांढरी टोपी, गळ्यात दुर्बीण. मी ओळखलं दारातच. बारा गाड्या, त्यात एक पोरगी. तो भोंग्यावर बोलणारा म्हणाला, आज आपल्यात एक ताई पण आहेत, जरा जपून चालवा. लोक हसले. तुम्ही पण हसलात. शेवटच्या फेरीला तुमचा मधुकर पुढं, माझी शकु मागं. बाकीचे कुठल्या कुठं. ड्रम लावलेलं ते डावं वळण — ती आतून घुसली. मी बघितलं, तिचं मागचं चाक सरकलं. शेवाळावर पाय जातो ना, तसं सरकलं बाहेर. मी म्हटलं, गेलं, बापाचं ऐकलं नाय. पण पुढचा चिकटून राहिला. तिनं गाडी तशीच तिरकी धरून ठेवली, मागचं चाक आपोआप जागेवर आलं, आणि ती निघून गेली. मधुकरनं मान वळवून तिच्याकडे बघितलं, तिथं चुकला तो. सरळ गवताच्या पेंढ्यांत गेला. कोणी धक्का दिला नाय, कोणी आडवं आलं नाय. पण तुम्ही काय केलंत? तुम्ही धावत पंचांकडे गेलात. मुलगी आडवी आली, मुलीला बाद करा. केलंत की नाय? खाली काय बघताय, कपात? पोरगं बिचारं पेंढ्यांतनं उठून लंगडत आलं, डोक्यावर गवत, आणि सगळ्यांसमोर बोललं — त्या बरोबर गेल्या, मीच चुकलो. त्याचा मामा पंचाचा हात धरून उभा, आणि भाचा हे बोलतो. म्हणून तिला कप मिळाला, नायतर तुम्ही मिळू देत नव्हतात.

आणि आता तुम्हीच येता, सोयरीक घेऊन. मैदानात बाद करता आलं नाय, तर घरात नेऊन करायचं. राग येऊ द्या, मला पण येतोय.

काय? पोरीचं काय मत? ते कशाला विचारता, मत विचारायला आलाय का तुम्ही, तुम्ही तर अट घालायला आलात. — तो आला होता हो. मागच्या रविवारी. एकटाच, न सांगता. तुम्हाला माहीत नाय? तुमचा भाचा इथं, ह्या गॅलरीत, जमिनीवर बसला होता. म्हणाला, मला फक्त बघायचंय तुम्ही कुठले टायर लावता. मी म्हटलं बघ आणि जा. पण शकुनं खालनं चाकच काढून आणलं, आणि दोघं बसली ते टायर उतरवत. लोखंडी पट्टी लावून एकानं दाबायचं, दुसऱ्यानं ओढायचं. हात काळे, तोंड काळं. तो म्हणत होता मागं पण नरमच हवा, ती म्हणत होती तुझ्या बापाचं दुकान आहे म्हणून तू म्हणतोस. तो चिडायचा सोडून म्हणतो, खरं आहे, मला कधी निवडावा लागलाच नाय. आणि शकु हसली. मी आत पेपर वाचत होतो. थोरला मस्कतला गेल्यापासून ह्या घरात तसं कोणी हसलं नव्हतं. मी पेपर ठेवला, बाहेर आलो आणि म्हटलं, अंधार पडला, तुला मुलुंडला जायचंय ना. तो लगेच उठला. हात धुवायला पण नाय थांबला. सुगंधा मला म्हणाली, एक कप चहा तरी द्यायचा होता. नाय दिला. का देऊ?

मी असं कुठं म्हटलं की तिला तो आवडतो? मी म्हटलं हसली. हसणं आणि ते एक नाय. — बरं, धरा आवडतो. आवडू दे. मग? तुम्हाला वाटतं मला पोर घरात ठेवायचीय? आधीची दोन स्थळं मी परत पाठवली, तुम्हाला कोणी सांगितलं? सांगितलं ना कोणीतरी, म्हणून तर असं बघताय. एक ठाण्याचा होता, त्याला घाम फार यायचा. दुसरा — दुसऱ्यात काय खोट होती ते आता आठवत नाय. हे बघा अंबादासराव, रोज सकाळी मी तिच्या मागं बसतो. होय, मी. बाप मागं आणि पोरगी पुढं, हँडल तिच्या हातात. तिची कंपनी आणि माझं गेट एकाच रस्त्यावर. पयल्या दिवशी मी तोंडाला रुमाल बांधला होता, ओळखीचं कोणी बघेल म्हणून. आता नाय बांधत. जोगेश्वरीला सिग्नलला थांबलं की ती मान न वळवता विचारते, बाबा, मागचा कसा वाटतोय, सरकत नाय ना. मी सांगतो. माझं वजन त्या टायरवर, त्यामुळे मला कळतं. तेवढंच मला कळतं, पण ते तिला विचारावं लागतं. हे सगळं तुमच्या एका वाक्यात बंद. गाडी सोडायची.

नाय, डोळ्यांत काय गेलं नाय माझ्या. धूर आहे, स्टोव्हचा.

एक सांगा मला. ही अट मधुकरची आहे? सरळ विचारतोय, सरळ सांगा. तुम्ही निघताना त्याला सांगितलंत की मी तुझ्या सासऱ्याला असं असं बोलणार आहे? बोला की. बहिणीनं सांगितलं? म्हंजे त्याच्या आईनं. आणि त्याला? — त्याला माहीतच नाय. तुम्ही इथं आलात हे तरी ठाऊक आहे का त्याला? ते पण अर्धंमुर्धं. म्हंजे पोरगं तिकडं आशेवर बसलंय की मामा बोलणी करून येईल, आणि मामा इकडं त्याच्या नावावर अटी विकतोय. मैदानातच बघितलं होतं मी तुम्हाला, मला कळायला पाहिजे होतं.

मग आता ऐका. तुमचा चहा झालाय, कप ठेवा. घरी जा आणि त्याला सांगा, गुणाजीनं बोलावलंय. एकट्याला. तुम्ही नको, आई नको, मध्ये कोणी नको. त्यानं इथं बसावं आणि माझ्या तोंडावर सांगावं की लग्नानंतर शकु गाडी चालवणार नाय. असं बोलला तर मी त्याला त्या जिन्यावरनं खाली ढकलीन, आणि पोलिसात जायचं तर तुम्ही जा. आणि जर नाय बोलला — तसं काय त्याच्या मनातच नसलं — तर मग मला —

थांबा. खाली गाडी आली. तिचीच आहे, आवाज कळतो. तुम्ही असं करा, मागच्या जिन्यानं जा. हो, मागच्या. संडासाच्या बाजूनं उतरा, मधुकरचा मामा आला होता हे तिला कळायला नको. सुगंधा, ह्यांना मागचा जिना दाखव. — काय गो? मोठ्यानं बोल, पावण्यांसमोर काय लपवायचंय आता. — लग्न कोणाचं आहे, विचारते ही. चाळीस वर्षांत एक प्रश्न विचारला हिनं मला, तो नेमका आज.

असू दे. पुढच्याच जिन्यानं जा, अंबादासराव. वाटेत भेटेल ती, तुम्हाला ओळखेल. वर येऊन विचारेल मला. सांगीन मी तिला, तुम्ही जे बोललात ते, आणि त्याला बोलावलंय ते पण. जा आता. तुमच्या चपला त्या दाराशी, डावीकडच्या.