गणू उठेपर्यंत

— ‘मी नाही बघणार’ म्हणून चालतं का? ये गो भाविनी, अशी जवळ सरक. उद्या तुझ्या बोर्डीच्या कॉलेजात दाखवायच्या आधी तुझ्या बापाच्या सिनेमाची कथा ऐक.

— जमुनाआत्या, त्यात शेवटी बाबाला मारतात ना? मी दोन वर्षांची असताना तो खरा गेला. मला त्याचा आवाजही आठवत नाही. पहिल्यांदा बघायचं, ते मरतानाच?

— ऐक तर आधी! दमणची चोरटी दारू आणणारा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, आणि त्याला गोळी घालणारा त्याचाच भागीदार. तांडेल झाला तुझा बाप, आपला गणू. पैसे कुणाकडे होते? पोलिसाची वर्दी एकच, म्हणून सगळ्या सिनेमात हवालदार एकटाच फिरतो. रक्त म्हणून माझ्या करंड्यातलं कुंकू कालवलं!

— चालला का?

— डहाणूच्या थेटरात दोन दिवस. पेपरवाल्याने लिहिलं, ‘गुन्हा एवढाच, की हा काढला.’ धर्मेश, तो काढणारा, तोंड पाडून इथे आला. देवळापुढे शीड बांधून त्यावर दाखवला. आपलं सगळं धाकटी डहाणू गाव लोटलं. शेवटी गणू वाळूत पडला, नावं आली, धर्मेश वायरी गुंडाळायला लागला. पण तुझी आजी उठेना. तिला बघून कोणीच उठेना.

— का गं?

— म्हणाली, ‘कीर्तनात मूर्च्छा आलेल्या भक्ताला उठवल्याशिवाय बुवा आरती घेतात काय रे? माझ्या पोराला उठव.’

— आणि बाबा?

— तो तिच्याच शेजारी बसून शेंगा खात होता!

(दोघी हसतात.)

— ‘आये, मी हा काय!’ म्हणतोय, तरी ती ढिम्म. धर्मेशने वैतागून सुरुवात परत लावली. गणू होडीत उभा, जाळं ओढताना अभंग म्हणतोय. सगळ्यांनी टाळ्यांवर तोच अभंग धरला, मग उठले. धर्मेश रडला गो. एवढं कौतुक त्याचं कुठे झालं होतं?

— अभंग? बाबाच्या आवाजात?

— त्याच्याच. पुढे दोन पावसाळ्यांनी तो तापाने गेला. तेव्हा आये मला म्हणाली, ‘जमुना, आता कुणाला सांगू, सुरुवात लाव?’

— आत्या... उद्या सिनेमा लावायला लॅपटॉपवर सरांनी मलाच बसवलंय.

— मग शेवटी गणूला परत होडीत उभा कर. अभंग होऊ दे. मगच दिवे लाव.

— आणि कोणी ओरडलं, सिनेमा संपला म्हणून?

— ओरडू दे. तू माझ्या आयेला आठव. ती उठली नव्हती.