मालिकेतल्या सुनेसाठी अभिषेक

पांडुरंगाला वंदून सांगतो. बाभुळगावात मी महादेवाचा पुजारी. आमच्या शेजारच्या सरूबाई एका सकाळी नारळ घेऊन आल्या.

"भाऊजी, सुमनच्या नावानं महादेवाले अभिषेक करा. पोरगी दवाखान्यात पडून हाये."

"कोण सुमन?"

"सात वाजताच्या मालिकेतली सून!"

मला हसू आवरेना. "अहो, मालिका म्हणजे निव्वळ माया! त्यापेक्षा उत्तम कादंबरी वाचावी."

सरूबाईंचे डोळे भरून आले. तेवढ्यात आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून कडाडल्या, "तुमच्या कादंबरीतला म्हातारा मेला, तवा तुमी तीन दिवस सुतक पाळलं. देवाले हात नाई लावला. आता तिले कायले हासता?"

मी हातात पाणी घेतले आणि सुमनच्या दीर्घायुष्याचा संकल्प सोडला.

ऐकणाऱ्या प्रत्येकाला आणि त्याच्या घरादाराला, पडद्यावरच्या माणसांसकट, विठ्ठल सुखरूप ठेवो.