आधी कंबर, मग खांदा

आखडलेला खांदा धरून शिक्षिकाबाई दवाखान्यात बसल्या होत्या. समोर एक आजोबा वॉकर धरून बसलेले, आणि त्यांच्यापुढे आजी मिटलेली छत्री गोल्फच्या काठीसारखी फिरवत होत्या.

"अगं, नुसते हात काय फिरवतेस? आधी कंबर वळव. खांदा मागून येतो."

"कंबर वळली. खांदा काही आला नाही."

"त्याला जरा दम धरू दे. दोघं एकदम निघाले की चेंडू भलतीकडे जातो."

"म्हणजे आपल्या घरासारखंच. मी पुढे, तुम्ही मागून."

"चेष्टा पुरे. खुबा बदललेल्या माणसाला डॉक्टर खेळू देणार नाहीत, बघ."

"नाही तर नाही. मी खेळेन, तुम्ही मागे उभे राहून ओरडा."

"तू? पहाटे उठून?"

"इतकी वर्षं पहाटे तुमचा चहा कोण करत होतं?"

"मग कधी आली नाहीस ती?"

"तुम्ही कधी 'चल' म्हणालात?"

आजोबांनी हात पुढे करून छत्रीवरची आजींची पकड नीट केली. आतून शिक्षिकाबाईंना हाक आली, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

"उद्या येतेस?"

"बूट कुठायत माझ्याकडे?"

"इथलं आटपलं की घेऊ. चालायला तर डॉक्टरांनी सांगितलंच आहे."