प्रस्तावनेची चार पानं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचा भार गेली नऊ वर्षं वाहणारे माननीय कर्नल धैर्यशील निंबाळकर, प्रमुख पाहुण्या डॉक्टर अनघा पेंडसे, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या सत्कारमूर्ती श्रीमती कांताताई रामटेके, त्यांना न्यायला नागपूरहून आलेली त्यांची लेक प्राची, सूत्रसंचालन करणारी आमची शर्वरी, आणि विकास नगरच्या या सामुदायिक भवनात तीन पंखे बंद असतानाही जागा न सोडणाऱ्या बंधू-भगिनींनो, तुम्हा सगळ्यांना मोहन करंदीकरचा नमस्कार.

हा हॉल आपल्याला साडेसहापर्यंतच मिळालाय. सातला इथे कुणाच्या तरी नातवाचं मुंडन आहे आणि त्यांचा हलवाई आत्ताच मागच्या दाराशी कढई घेऊन येऊन बसलाय. तेव्हा मी लांबवणार नाही. हे वाक्य म्हणून झाल्यावर वक्ते किती बोलतात ते तुम्हाला ठाऊक आहेच.

पत्रिकेत माझ्या नावापुढे दोन विषय छापलेत. एक, कांताताईंना निरोप. दुसरा, नवोदित लेखकांना मार्गदर्शन : पुस्तक प्रकाशित कसे करावे. मी कर्नलसाहेबांना फोन केला, म्हटलं, साहेब, या दोघांचा मेळ कसा घालू? ते म्हणाले, "करंदीकर, हॉल एक, माइक एक. दोन्ही उरकून टाका." लष्करी हुकूम आहे, पाळायलाच हवा. आणि खरं सांगायचं तर साहेबांनी नकळत बरोबर केलंय. हे विषय दोन नाहीतच.

मार्गदर्शनाला मीच का? तर लखनौमधल्या आपल्या मराठी माणसांत छापील पुस्तक माझ्या एकट्याच्या नावावर आहे म्हणून. बावीस वर्षांपूर्वी निघालं. शेजारपाजारच्या माणसांवरचे ललित लेख. 'शेजारधर्माचा हृद्य आविष्कार' असं एका परीक्षणात लिहून आलं होतं, ते कात्रण मी अजून पाकिटात ठेवतो. ठेवत होतो. प्रती साडेतीनशे निघाल्या, त्यातल्या बऱ्याच माझ्या माळ्यावर सुखरूप आहेत. दोन प्रती उंदरांनी अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत संपवल्या. एवढ्या भांडवलावर गेली बावीस वर्षं या मंडळात मला लेखक म्हणतात.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी शर्वरीचा यश माझ्याकडे आला. मोबाइलवर मराठी गोष्टी लिहितो, चांगल्या लिहितो. म्हणाला, "अंकल, पब्लिशिंग का पूरा प्रोसेस बस पाँच पॉइंट में बता दीजिए, मैं नोट कर लूँगा." बरं, यश, घे लिहून. पाच होतील की सहा ते मला माहीत नाही.

हस्तलिखिताची एक प्रत स्वतःजवळ ठेव, ती देवाने मागितली तरी देऊ नकोस. प्रकाशकाकडे पाठवण्याआधी त्याने काढलेली चार पुस्तकं वाच. पाककृतींची पुस्तकं काढणाऱ्याला कथासंग्रह पाठवून मग समाजाला अभिरुची नाही म्हणून रडण्यात अर्थ नसतो. सोबतचं पत्र एका पानाचं लिही. पहिल्याच पत्रात छपाईचा खर्च मागणाऱ्याला दुसरं पत्र लिहू नकोस. आठव्या दिवशी फोन करू नकोस, सहा महिने थांब. नकार आला तर तो पुस्तकाला असतो, माणसाला नसतो, असं सगळे सांगतात. ते खोटं आहे, पण दुसरं काही सांगण्यासारखं कुणाकडेच नसतं.

आणि मग प्रस्तावना. थांबा, मी जरा पाणी पितो.

आपल्याकडे नवीन लेखकाचं पुस्तक असं सरळ दारातून आत येत नाही. कुणीतरी नाव असलेल्या माणसाने आधी चार पानं लिहून 'या, या' म्हणावं लागतं. त्याला प्रस्तावना म्हणतात. लोक ती वाचत नाहीत, पण ती नसली की विचारतात.

कांताताईंनी पुस्तक लिहिलंय, हे या हॉलमध्ये किती जणांना माहीत आहे? हात वर करा. नाही ना? तुमच्यासाठी त्या गणेशोत्सवात तीस माणसांच्या पुऱ्या लाटणाऱ्या कांताताई. त्यांनी 'आमचं क्वार्टर' नावाचं दोनशे चौदा पानांचं पुस्तक लिहिलंय. भंडाऱ्याहून नवऱ्याबरोबर लखनौला आलेली एक मुलगी, अठ्ठावीस वर्षांत बदललेली सहा घरं आणि त्या घरांच्या आजूबाजूची माणसं. त्यांचे यजमान श्रीपतराव सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते. त्यांनी ते सगळं काळ्या शाईने, नकाशावर अक्षरं काढतात तशा अक्षरात उतरवून काढलं. एक खाडाखोड नाही.

नागपूरचे एक प्रकाशक होते, हरिहरजी. लहान प्रकाशन, माणूस सच्चा. त्यांनी पहिली तीस पानं वाचून लिहिलं, 'मजकूर आवडला. लेखिका नवीन आहेत. परिचित लेखकाची चार पानी प्रस्तावना आणा, दिवाळीपर्यंत पुस्तक काढतो.' हे सहा वर्षांपूर्वीचं पत्र. बघा, दारापर्यंत गाडी आली होती. फक्त चार पानं हवी होती. ती मागायला नवराबायको माझ्याकडे आले. सोबत चौकातल्या मक्खन मलाईचे दोन द्रोण. श्रीपतराव म्हणाले, "सर, घाई नाही. पण दिवाळी धरा."

मी दोन दुपारांत वाचून काढलं. ओळीमागून ओळ वाचताना मला कळत होतं, की इतकी वर्षं मी जे लिहायला बघत होतो ते या बाईंनी पुऱ्या लाटता लाटता लिहून टाकलंय. हेवा वाटला. तो मी गिळला असता, हेवा गिळायची लेखकाला सवय असते. पण मग एकेचाळिसावं पान आलं.

ते मी वाचून दाखवतो.

'विकास नगरात पहिली भाड्याची खोली घेतली. भिंतीला भिंत लागून बँकेतले साहेब राहत. त्यांच्या घरातून मराठी ऐकू आलं तेव्हा मला रडूच आलं. आठव्या दिवशी मी वाटीभर वांग्याची भाजी पाठवली. संध्याकाळी साहेबांनी ह्यांना पूर्ण नाव विचारलं. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली. घासलेली, पुसलेली, रिकामी. मला वाटलं, बाई विसरल्या असतील. संक्रांतीला तिळाच्या वड्या पाठवल्या. वाटी रिकामीच आली. मग मी पाठवणं बंद केलं. माणसं वाईट नव्हती. प्राचीला ताप आला तेव्हा रिक्षा त्यांनीच बोलावून दिली होती.'

इथे बसलेल्या मुलांना कदाचित माहीत नसेल, म्हणून सांगतो. शेजाऱ्याची वाटी आपण रिकामी परत करत नाही. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालून देतो. हे कुणी शिकवावं लागत नाही.

ते बँकेतले साहेब म्हणजे मी.

वाटी वासंतीने घासली. परत द्यायला मी गेलो होतो, दोन्ही वेळा. साखरेचा डबा फळीवर समोर होता. वासंती तिसऱ्या रांगेत बसली आहे. आज काय बोलणार ते मी सकाळी तिला सांगितलं. सदऱ्याला इस्त्री करता करता ती म्हणाली, "बोला. पण सगळं माझ्यावर ढकलू नका." नाही ढकलत. पूर्ण नाव मी विचारलं होतं. तिला येऊन मीच सांगितलं.

आता मला सांगा, या पानाच्या आधी मी काय लिहायचं होतं? 'शेजारधर्माचा हृद्य आविष्कार'? मी लिहिलं नाही. बरं, नाहीही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर ते दुसऱ्या कुणाकडे गेले असते. मी म्हणालो, "वाचतोय."

सहा वर्षं मी ते पुस्तक वाचत होतो. मध्ये माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मला इतका आनंद झाला की काय सांगू. सहा महिन्यांचं कारण मिळालं. मग कोरोना आला, तेव्हा तर सगळ्या जगाचंच काम अडलेलं. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला श्रीपतराव भेटायचे. आधी विचारायचे, "झाली का सर, चार पानं?" मग नुसतं "तब्येत बरी ना, सर?" एवढंच. मी त्या प्रश्नाला जास्त घाबरायचो.

दोन वर्षांपूर्वी ते आजारी पडले. मी दवाखान्यात गेलो तेव्हा नर्स सलाइन बदलत होती. श्रीपतराव तिला म्हणाले, "सिस्टर, ये हमारे लेखक साहब हैं. मैडम की किताब इन्हीं के पास है." मग मला विचारलं, "कागद कोणता वापरतील हो, सर? पिवळट नको." मी म्हणालो, पांढरा वापरतील. आता झालंच, म्हणालो. नवव्या दिवशी ते गेले.

तुम्हाला वाटेल, मग तरी मी घरी येऊन लिहायला बसलो असेन. नाही बसलो. मी आणखी दीड वर्ष काढलं. लाज वाटत होती, आणि लाजेने माणूस कामाला लागतो असं जे म्हणतात ते माझ्या अनुभवाला आलं नाही. गेल्या जानेवारीत शेवटी हरिहरजींना पत्र लिहिलं. त्यांच्या मुलाचं उत्तर आलं, 'वडील गेले. प्रकाशन बंद केलं आहे.' मग मी आणखी तिघांकडे पाठवलं. दोघांनी पोचसुद्धा दिली नाही. तिसऱ्यांनी कळवलं, अशी पुस्तकं आता बरीच आली आहेत. सहा वर्षांपूर्वी हेच पुस्तक हरिहरजींना हवं होतं. हे मी त्यांना काय सांगणार?

यश, तू लिहिणं थांबवलंस. हे लिही. प्रस्तावना मागायला ज्याच्या दारात जाशील, त्याने तुझं पुस्तक वाचलंय का, हे नंतर बघ. तुझ्या पुस्तकात तो आहे का, हे आधी बघ.

काल मी कांताताईंकडे गेलो. सामान बांधून झालंय, खोक्यांवर बसूनच चहा घेतला. मी म्हटलं, "ताई, मी लिहितो आता. आज रात्रीत लिहितो." त्या म्हणाल्या, "आता काहून, सर? ज्यांना पाहायचं होतं ते गेले." मी विचारलं, "ते घर माझं होतं, हे तुम्हाला माहीत होतं. मग माझ्याकडेच का आणलंत?" त्यांनी माझा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "मी नाव घातलं नव्हतं ना. दुसरं कोणी वाचलं असतं तर म्हणालं असतं, बाई तिखटमीठ लावते. तुम्ही खरं म्हणाल म्हणून आणलं."

मग प्राचीने आतून एक गुंडाळी आणली. श्रीपतरावांनी आजारपणात काढलेलं मुखपृष्ठ. भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन खोल्यांचा नकाशा, मापासकट. वर 'आमचं क्वार्टर'. त्याखाली 'कांता श्रीपत रामटेके'. आणि अगदी खाली, त्याच सुरेख अक्षरात, 'प्रस्तावना : मोहन करंदीकर'.

माणूस जाईपर्यंत माझी वाट बघत होता, बंधू-भगिनींनो. शाई वाळून गेलेली.

मला तुम्हाला धीर देणारं काही सांगता येत नाही. कांताताई उद्या जाताहेत. लखनवी चिकनच्या भरतकामाची साडी आणि मानपत्र आपण त्यांना देऊ, टाळ्या वाजवू. हे पुस्तक निघेल असं मला वाटत नाही. मी प्रयत्न करीन, पण माझं नाव आता कुणाला माहीत आहे? जेव्हा त्या नावाने काम झालं असतं तेव्हा मी ते जपून ठेवलं.

हस्तलिखिताची ही फाईल मी आज त्यांना परत करतोय. रात्री चार पानं लिहिली होती, ती पहाटे फाडली. त्यांत मी फार चांगला दिसत होतो. शेवटी दोन ओळी राहिल्या, त्या पहिल्या पानाला टाचल्या आहेत. वाचतो.

'पान एकेचाळीसवरचा शेजारी मी आहे. तिथे लिहिलंय ते खरं आहे.'

खाली सही आणि तारीख. तारीख आजची आहे, मागची घालण्याचा मोह झाला होता.

मंडळाने बोलण्याची संधी दिली, कर्नलसाहेबांनी घड्याळाकडे न बघता ऐकून घेतलं, डॉक्टर अनघाताई आणि तुम्ही सगळे या उकाड्यात बसून राहिलात, त्याबद्दल मनापासून आभार. बाहेरच्या हलवायाचेही आभार, त्याने अजून कढई चढवलेली नाही. बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावं.

कांताताई, तुम्ही मात्र घालू नका.

नमस्कार.