संपतरावांच्या खिशातला शंख

नाही हो सर, दोन मिनिटांत नाही व्हायचं. तुम्ही आम्हाला तासभर शंखाचे वेढे मोजायला लावायचात, तेव्हा कुणी घड्याळ बघितलं का? बसा.

तर, सन्माननीय अध्यक्ष वैष्णवीताई, मंचावरचे पाहुणे, आज ज्यांना निरोप देतोय ते आपल्या शंख मंडळाचे दिगंबर सर, आणि कर्वेनगरच्या या हॉलमध्ये पंख्याखालची जागा बरोबर हेरून बसलेल्या मंडळींनो, सगळ्यांना सोजरबाईचा नमस्कार. मी वारज्याच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. भाषण टीव्हीवर बघितलंय, तेवढंच.

सरांनी आम्हाला काय शिकवलं? शंख उचलायच्या आधी उलटा करायचा, तोंड बघायचं. तोंडावर झाकण असलं की आत जीव आहे, होता तिथं ठेवायचा. रिकामा असेल तरच घरी, सोबत चिठ्ठी: नाव, किनारा, तारीख. आमचे मालक, संपतराव, या नियमाचे फौजदार. किनाऱ्याच्या सहलीहून परतताना गाडीच्या दाराशी उभे राहायचे. "झाकण बघितलं का? दाखवा पिशवी." सरांचीसुद्धा सोडली नाही. बायकोची तर दोनदा तपासायचे.

तीन वर्षांपूर्वी हरिहरेश्वरहून आलो आणि चौथ्या दिवशी चहा पिता पिता मालक गेले. सर भेटायला आले. आठवतंय ना सर? खुंटीला सहलीचा सदरा तसाच होता, समुद्राचा वास येणारा. सर समजुतीचं बोलत होते, मधेच थांबले. सदऱ्याच्या खिशातनं बोराएवढा काळा शंख बाहेर आला होता. भिंतीवर. मालकांच्या फोटोखाली वीतभर.

आम्ही दोघं बघत बसलो. हलताना दिसत नव्हता. पण सर जायला उठले तेव्हा तो फोटोच्या चौकटीला टेकला होता.

सर म्हणले, "सोजरबाई, हातात घेऊ का?"

मी म्हणलं, "सुतक आहे सर. या घरातल्या कशाला हात लावू नका."

मग सर रोज दुपारी चारला यायचे. उंबऱ्यातनं बघायचे, वहीत लिहायचे. कधी फोटोच्या वर. कधी खिडकीत. एकदा मालकांच्या चष्म्याच्या काचेवर, आणि मागं बारीक ओली रेघ. संपतरावांच्या खिशात जिवंत शंख असूच शकत नाही, हे सगळ्या मंडळाला ठाऊक. मग हलवतंय कोण? कुजबुज तुम्हीच केलीत. हसू नका तनुजाबाई, तुम्ही तर माझ्या जिन्यावर यायचं बंद केलं होतं.

तेराव्याचं गोड जेवण झालं आणि मी तो शंख सरांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी उलटा केला. रिकामा. दिव्याखाली धरला. रिकामाच. चिठ्ठी लिहिली: नेराइट, म्हणजे त्या शंखाची जात, हरिहरेश्वर, तारीख. खाली एक ओळ: "रिकामा असून हलला. कारण माहीत नाही."

त्यानंतर सरांनी एकही शंख उचललेला नाही. तुम्हाला वाटतं, गुडघ्यांमुळं मंडळ सोडून लेकीकडं नागपूरला चाललेत. समुद्रापासून इतकं लांबचं गाव गुडघ्यांसाठी निवडतं का कोणी? परवा मला म्हणले, "तीस वर्षं पोरांना शास्त्र शिकवलं, सोजरबाई. आता शंख उलटा करायचा म्हणलं की हात मागं घेतो."

असो. वैष्णवीताईंनी माईक दिला, आयोजकांनी वडे गरम ठेवले, तुम्ही ऐकून घेतलं, सगळ्यांची मी आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सातवी पास बाई म्हणून पदरात घ्या.

आणि सर, तो शंख जिवंत होता. फौजदाराच्याच खिशात चोरीचा माल निघावा म्हणून झाकण बघून मीच टाकला होता. शनिवारी मंडळाच्या बैठकीत सगळ्यांसमोर मी त्यांचा खिसा उलटा करणार होते. मालक शुक्रवारी गेले. मग त्यांच्या सदऱ्यातनं काहीतरी चालत आलं, आणि मला ते थांबू द्यायचं नव्हतं. रोज मिठाचं पाणी शिंपडून जगवला. तेराव्याला तुम्ही यायच्या आधी शंखातला जीव पिनेनं मीच बाहेर काढला. तेव्हाही तो जिवंत होता.